डिसेंबरातला दुसरा पावसाळा

माथेरान, ऑक्टोबरअखेर. पाऊस गेला, लाल मातीची धूळ उडू लागली. आता जूनपर्यंत छत्री माळ्यावर, असं आम्हा डोंगरावरच्या माणसांना वाटतं. वर्षअखेरीला श्रीलंकेला जायचं तर ही समजूत इथेच ठेवून निघायला हवं. डिसेंबरात ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प आणतात आणि त्रिंकोमाली, बट्टिकलोआ भिजवतात. मधले डोंगर ते अडवतात, म्हणून गॉलचा किनारा तेव्हा बराच कोरडा असतो. आपला सह्याद्री हेच काम पश्चिमेच्या पावसाबाबत करतो: घाटमाथा चिंब, पलीकडे माण-खटाव तहानलेले. आईला त्रिंकोमालीचं कोणेश्वर मंदिर पाहायचंय, फार वर्षांपासून. तिला तिथे ओलं करून आणायचं नाही. कोणेश्वर ऑगस्टमध्ये, इथे धुवांधार कोसळत असताना तिथे ऊन असतं. डिसेंबरात गॉलच.