पवईहून पुण्यास : मुठींचें दर्शन

पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठीं बांधला गेला. परंतु त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. १९५८ सालीं स्थापन झालेली तंत्रविद्येची विख्यात संस्था त्याच्या काठीं वसली, आणि पुढें गगनचुंबी इमारती उठल्या. वाडा सोडून अशा सदनिकांत आलेल्या कुटुंबांपुढें एक प्रश्न उभा राहतो : दसऱ्यास पुजली जाणारी वडिलोपार्जित कट्यार आतां ठेवावी कोठें? घरांत लहान मुलें आहेत, म्हणून ती मोडींत घालावी काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही मंडळी ऐरोलीचा पूल ओलांडून, बोरघाट चढून पुण्यास केळकर संग्रहालय पाहावयास गेलों.

कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविताहि करीत. १९२० च्या सुमारास त्यांस जुन्या वस्तूंचा ध्यास लागला. पत्नी कमलाबाई यांची त्यांस साथ होती. दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्यें, हत्यारें असा हा संसार सुमारें वीस हजार वस्तूंपर्यंत वाढला. बालवयांत वारलेल्या राजा या पुत्राचें नांव संग्रहास देऊन त्यांनीं तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

हत्यारांत पात्यापेक्षां मूठच अधिक बोलकी असते. कट्यारीस दोन उभ्या पट्ट्यांमध्यें आडवी मूठ असते. ती आवळली कीं पातें थेट पुढें येतें आणि मनगटाऐवजीं सबंध बाहूचा जोर लागतो. बिचव्याचें पातें विंचवाच्या नांगीसारखें वळणदार, आणि मूठ बहुधा धातूच्या कडीची, जींत बोटें ओवतां येतात. फिलिपाइन्समधील मिंदानाव बेटावर मांदाया लोकांच्या बालाराव खंजिरास चंद्रकोरीसारख्या शिंगांची मूठ असते; तेथील मोरो लोकांच्या कांहीं क्रिसांची मूठ काकाकुव्याच्या मस्तकासारखी घडवितात. अशा मुठींसाठीं परदेशांतील शोकीन मोठी किंमत मोजतात. परंतु ती मूठ कोणत्या गांवची, कोणाच्या हातांत होती, ही माहिती विक्रीच्या फेऱ्यांत गळून पडली, तर उरते ती केवळ एक विचित्र वस्तु.

हीच गोष्ट आपल्या घरच्या कट्यारीची. मोडींत तिच्या धातूचें मोल होईल. घराण्याची हकीगत मात्र कायमची बुडेल. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खाजगी गृहस्थास परदेशीं पाठवितां येत नाहीं. पण घरच्याच विस्मृतीपासून तिचें रक्षण कोणता कायदा करणार? तें घरांतील वडीलधाऱ्यांनींच करावयाचें. हत्यार कुलुपांत ठेवावें किंवा एखाद्या संग्रहालयास अर्पण करावें. मात्र तत्पूर्वीं तें कोणाचें, कोठून आलें, कोणत्या प्रसंगीं वापरलें गेलें, हें आजी-आजोबांस विचारून कागदावर उतरून घ्यावें. तो कागद नसेल, तर पुढील पिढीच्या हातीं नुसतें लोखंड येईल.