समजा, गाडी वेळेवर सुटली

दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी फारसं काही बोललं नाही. नवरा म्हणाला, "बघ, जमतंय का." लेकीने मोबाइलवर अर्ज भरून दिला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एवढंच विचारलं, "गणित आहे का त्यात?"

आहे. भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. मुरबाडकडच्या आमच्या गावात माझी शाळा नववीत सुटली. लग्न होऊन ठाण्यात खोपटला आले आणि मग डबे, दुखणीखुपणी, लेकीची शाळा यात अभ्यास मागे पडला तो पडलाच. आता मी ४२ वर्षांची आहे, लेक सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला. दुपारी भांडी आवरली की एसटी स्टँडमागच्या आमच्या खोलीत मी वही उघडते. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत असतात. तीसेक वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर झाले तरी डेपोतल्या भोंग्यावरून कुठली गाडी लागली ते सांगतात.

नुसती समीकरणं सोडवणं फार अवघड नाही, आठवड्याभरात हात बसतो. ३क्ष + ७ = २२ असेल तर दोन्हीकडून सात काढा, तीनने भागा, क्ष पाच. लेकीच्या वहीत एक्स-वाय असतात, मी आपली क्ष-य लिहिते. गाईडमध्ये "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" असं चौकटीत छापलेलं आहे. ते वाक्य मला मुळीच आवडत नाही. पलीकडे कोण नेतं, कशाने नेतं? दोन्ही बाजूंना एकच गोष्ट करायची, एवढं साधं सांगितलं तर पाठच करावं लागत नाही. पण गाईडवाल्यांना पाठांतरच विकायचं असतं, त्याला काय करणार.

खरी गोची शाब्दिक उदाहरणांत. चार ओळींचा मजकूर, त्यात माणसं, पैसे, वयं, बोटी, आणि शेवटी "तर काढा". आकडेमोड नंतरची. आधी "मानू" म्हणून एक ओळ लिहायची असते, आणि त्या ओळीतच निम्मं उदाहरण असतं. आपल्याला जे ठाऊक नाही त्यालाच नाव द्यायचं आणि ते ठाऊक असल्यासारखं पुढे वापरायचं. घरात वीस वर्षं मी नेमकं उलटं करत आले. जे ठाऊक आहे तेवढ्यावर भागवायचं, बाकीचं देवावर.

सरावाला म्हणून लेकीने अण्णांच्या धंद्यातलं उदाहरण घातलं. एका फेरीत ४२ तिकिटं फाटली. पूर्ण तिकीट ४० रुपये, अर्धं २० रुपये. गल्ला ११८० रुपये. तर पूर्ण किती, अर्धी किती? मी मांडलं: क्ष + य = ४२, आणि ४०क्ष + २०य = ११८०. पहिल्याला विसाने गुणलं, ८४० आले. वजा करणार तोच खाटेवरून आवाज आला, "पंचवीस अर्धी, सतरा पूर्ण."

"अण्णा, कसं काढलंत?"

"त्यात काढायचं काय? सगळी पूर्ण धर. बेचाळीस चोक एकशे अडुसष्ट, म्हणजे सोळाशे ऐंशी. हातात अकराशे ऐंशी. पाचशे कमी. एका अर्ध्या तिकिटामागे वीस कमी पडतात, मग पाचशेला पंचवीस. तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरताना असंच करायचो." मग थोडं थांबून, "पण अर्धी पंचवीस म्हणजे बायकाच जास्त गाडीत. आमच्या वेळी अर्धं तिकीट म्हणजे पोर."

हेही खरंच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याच्या आदल्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. अण्णांच्या काळातलं वेबिल आणि आताचं वेबिल यांत समीकरण तेच, माणसं वेगळी.

मला मात्र त्या दिवशी जरा राग आला. माझी अर्धी वही भरली होती आणि ते आडवे पडून उत्तर सांगून मोकळे. लेक म्हणाली, "आई, अण्णांची पद्धत जुनीच आहे, लीलावतीतसुद्धा असंच धरून चालतात." तिने ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून लीलावतीचं मराठी भाषांतर आणलं. संग्रहालय १८९३ सालचं, भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालातली. त्यात एक कमळांचं उदाहरण आहे. कमळांच्या राशीतला तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, आणि उरलेली सहा कमळं गुरूच्या पायांशी. तर एकूण किती? भास्कराचार्य या रीतीला इष्टकर्म म्हणतात. कुठलीही सोयीची संख्या धरायची. साठ धरली तर वीस, बारा, दहा, पंधरा गेली आणि तीन उरली. पाहिजेत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळं १२०.

अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हा माणूस एसटीत पाहिजे होता."

तरी अण्णांच्या रीतीत आणि समीकरणात फरक आहे, आणि तो कळायला मला वेळ लागला. अण्णांची रीत त्यांच्या गाडीत चालते, कारण पैसे कुठे कमी पडतात ते त्यांना आतून माहीत आहे. ओळखीचा मामला असला की डोकं समीकरणाला हात लावू देत नाही, परस्पर उत्तर काढतं. म्हणून मला वाटतं, पुस्तकातली ती बिनडोक वाटणारी उदाहरणं, आईचं वय मुलीच्या अमुकपट वगैरे, सरावाला उलट बरी. असं कुणी कधी कुणाला विचारत नाही. अनुभव कामाला येत नाही, मग मुकाट्याने मानू लिहावं लागतं.

एकदा मी आमचीच वयं घेतली. माझं ४२, लेकीचं १७. किती वर्षांनी माझं वय तिच्या तिप्पट होईल? मानू, त वर्षांनी. ४२ + त = ३(१७ + त). कंस सोडवला, ४२ + त = ५१ + ३त. इकडचं तिकडचं करून २त = –९, त = –साडेचार. अण्णांना नुसता प्रश्न विचारला, तर ते उसळले, "आता कुठली तिप्पट? ती वाढतेय, तिप्पट होऊन गेली." बरोबर! साडेचार वर्षांपूर्वी मी साडेसदतीस, ती साडेबारा. पण अण्णांना वयं वाढतात हे माहीत होतं म्हणून ते बोलले. समीकरणाला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी "वर्षांनी" विचारलं होतं, त्याने "वर्षांपूर्वी" म्हणून वजा चिन्ह परत पाठवलं. वहीत त्या उण्याच्या चिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसले. मला त्याचं भारी कौतुक वाटलं.

कौतुक सगळ्यांनाच वाटतं असं नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जो वर्ग येतो तेवढी माकडं गुहेत गेली, एक झाडावर दिसतंय. कळप केवढा? वर्गसमीकरण होतं आणि उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग ४९, एक बाहेर. ठीक. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले तर उणे दोन, वर्ग चार, एक बाहेर, हिशेब इथेही चोख बसतो. पण उणे दोन माकडं कशी असतील? म्हणून आचार्यांनी पाच हे उत्तर बाजूला ठेवलं, लोकांना ते पटत नाही म्हणून. आमच्या दहावीच्या वर्गसमीकरणांतही तेच करतात. शेवटी लिहायचं, "परंतु लांबी ऋण नसते", आणि एक उत्तर सोडून द्यायचं. त्या ओळीला अर्धा गुण असेल नसेल, मला ती आवडते. गणित सगळं देतं, घ्यायचं काय ते आपण बघायचं. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ होता, तिथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ सालचा शिलालेख आहे. तिथेही पोरांना ही माकडं मोजायला लावत असतील.

फलन म्हणजे फंक्शन हा शब्द दहावीत येत नाही, तो लेकीच्या अकरावीत आहे. पण माझे समीकरणांचे आलेख काढून झाल्यावर तिने मला रिक्षाच्या मीटरचा आलेख काढायला लावला. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. दीडपर्यंत रेघ आडवी, तिथून ती वर चढते. ६० रुपयांत किती लांब जाल? साठातून सव्वीस गेले चौतीस, भागिले १७.१४, म्हणजे जवळजवळ दोन. दीड आणि दोन, साडेतीन किलोमीटर. एसटीचा आलेख मात्र जिन्यासारखा येतो, कारण भाडं टप्प्याने, आणि टप्पा सहा किलोमीटरचा. टप्प्याच्या मधे उतरलात तरी पैसे अख्ख्या टप्प्याचे. प्रवासी यावरून भांडायचे, अण्णा म्हणाले. त्यांना जिना कागदावर काढून दाखवला असता तर काय उपयोग झाला असता, ते मला माहीत नाही.

परवा मी वेगाचं उदाहरण घेतलं. खोपटहून एक गाडी बोरिवलीला निघाली, ताशी ३० किलोमीटर. त्याच वेळी बोरिवलीहून दुसरी इकडे, ताशी २०. मानू, अंतर ३० किलोमीटर. कधी भेटतील? ३०त + २०त = ३०, छत्तीस मिनिटं.

"घोडबंदर रोडला एकसारखा तीसचा वेग?" अण्णा उठूनच बसले. "कुठली गाडी ही? कोण चालवतंय?"

"अण्णा, समजा."

"काय समजा? सकाळी गायमुखला कंटेनर आडवा असला की बसा तासभर."

"बरं, किती वेळ धरू?"

"दहा मिनिटं लाव. दहा म्हणजे कृपाच."

मी लावली. जाणारी गाडी दहा मिनिटं उभी, म्हणजे तिचा धावण्याचा वेळ एक-षष्ठांश तास कमी. ३०(त – १/६) + २०त = ३०. ५०त = ३५. बेचाळीस मिनिटं. अण्णांना वाटलं होतं गणित अडेल, ते अडलं नाही.

"आणि भेटल्या कुठे?"

"खोपटपासून सोळा किलोमीटरवर."

अण्णांनी मनात रस्ता मोजला. माजिवडा, कासारवडवली. "सोळा म्हणजे गायमुख सोडून पुढे. मग दहा मिनिटं तिला लागलीच असणार. भेट आधी झाली असती तर तुझं गणित चुकलं असतं."

हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी समासात टिपून घेतलं आणि पुढचं उदाहरण घेतलं. ते बोटीचं होतं, त्यावर अण्णांना बोलायला काही नव्हतं.