मेन बंद, तरी भिंतीत करंट

शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची वाटणी १९८३ साली झाली. माडी चुलत्यांकडं गेली, खालचा सोपा, माजघर आणि परडं आमच्याकडं आलं. स्टॅम्पपेपरवर जिन्याखालची चार फूट जागासुद्धा लिहिलीय. वायरिंगबद्दल मात्र एक ओळ नाही. एकाचे दोन मीटर झाले, दोन बोर्ड झाले आणि वाटणी झाली असं सगळ्यांनी धरलं.

जुन्या पेठांत राहणाऱ्यांना हे घर वेगळं वर्णन करून सांगायला नको. भिंतीवर लाकडी पट्टी, त्यावर पत्र्याच्या क्लिपांत बसवलेली वायर, गोल काळे बेकेलाइटचे स्विच, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज उडाला की मिळेल ती तार गुंडाळायची. अर्थिंगची वायर कुठंच नाही. लाल आणि काळी वायर साठ वर्षांच्या धुरानं एकाच रंगाची झालेली. कुठली वायर कुठून येते हे सांगणारा माणूस आता हयात नाही.

भांडण सुरू झालं ते बिलावरून. फिरत्या चकतीचे मीटर काढून इलेक्ट्रॉनिक मीटर बसले आणि आमचं बिल वाढलं. मीटरवर 'अर्थ' लिहिलेला एक बारीक लाल दिवा असतो, तो आमच्या मीटरवर सकाळ-सकाळी पेटायचा. रीडिंगला आलेल्या पोरानं सहज सांगितलं, "कुठंतरी गडबड हाय, चोरी बिरी बघा." तो गेला, पण 'चोरी' हा शब्द घरात राहिला. चोरी म्हटलं की विद्युत कायदा २००३, कलम १३५, दंड आणि तुरुंग. माझा धाकटा भाऊ अर्ज लिहायला बसला होता. वरचे म्हणायचे, आमचंबी बिल कमी नाही, आम्ही कशाला तुमची लाइट घेऊ? दोन वर्षं गणपतीला एकमेकांच्या आरतीला कुणी गेलं नाही.

त्यात २०२१ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या जुलैत पंचगंगा ५६ च्या वर गेली. सोप्यात दोन फूट पाणी आलं. पाणी उतरल्यावर आम्ही गाळ काढायला आलो, तेव्हा वीज सुरू झालेली होती. खालचा मेन आम्ही बंदच ठेवला होता. आई खालच्या बोर्डावरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसत होती आणि तिला शॉक बसला. हात झटकला गेला म्हणून वाचली. मेन बघितला, बंद. फ्यूज काढून हातात घेतले, तरी टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटत होता. येईल त्यानं एकच सांगितलं, "भिंतीत वल आल्या, वाळली की जातंय." भिंत वाळली आणि टेस्टर पेटायचा तसा पेटत राहिला. रोज नव्हे, कधीमधी.

त्याच सकाळी माडीवर काकी ओरडत होत्या की गिझर लावून अर्धा तास झाला तरी पाणी थंडच. दोन्ही गोष्टींचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

गेल्या जानेवारीत आम्ही खाली आरसीसीबी बसवला. ३० मिलिअँपिअर गळती झाली की हा सगळा पुरवठा तोडतो. तो रोज सकाळी सहा-साडेसहाला पडायला लागला. आमच्याकडं त्या वेळी एक दिवासुद्धा लावलेला नसायचा. बसवणारा पोरगा दोनदा बदलून गेला. शेवटी पासष्टीतले एक वायरमन आले. आम्ही त्यांना मामाच म्हणतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी सहाला वर कोण उठतंय?"

मामांनी टोंग टेस्टर काढला. हा चिमटा वायरीभोवती लावला की आतून किती करंट वाहतो ते दिसतं. त्यांनी आमच्या मीटरकडून येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकत्र चिमट्यात धरल्या. जेवढा करंट जातो तेवढाच परत यायला पाहिजे, म्हणजे आकडा शून्य यायला पाहिजे. शून्यच आला. मग त्यांनी जिन्यातून हाक मारली, "काकी, गिझर लावा जरा!" आकडा साडेआठच्या वर गेला आणि आरसीसीबी खाडकन पडला. काकींचा गिझर दोन किलोवॅटचा आहे. २३० व्होल्टला तो साधारण ८.७ अँपिअर घेतो. हिशेब तिथंच जुळला.

मग जिन्याच्या वळणावरची लाकडी पेटी उघडली. जिन्याचा दिवा खालून लावायचा आणि वरून बंद करायचा, यासाठी टू-वे स्विचच्या वायरी त्या पेटीत एकत्र येत होत्या. घर एक आणि मीटर एक होता तोवर त्यात काहीच चूक नव्हती. १९८३ ला जिन्यातली न्हाणी वरच्यांना गेली, म्हणून तिची फेज वरच्या मीटरवर घेतली. न्यूट्रल मात्र खालच्या बोर्डाला होती तशीच राहिली. तेव्हा न्हाणीत ४० वॅटचा बल्ब होता, कुणाला कळायचं कारण नाही. पुढं त्याच बल्बाच्या पॉइंटवरून गिझर ओढला.

म्हणजे काकींच्या गिझरचा करंट वरच्या मीटरमधून जायचा आणि आमच्या मीटरमधून परत यायचा. जुना चकतीवाला मीटर फक्त फेज मोजायचा. नवा मीटर दोन्ही वायरी बघतो, फरक दिसला की त्याला चोरीचा संशय येतो आणि जी वायर जास्त दाखवते तिच्यावर बिल लावतो. रोज अर्धा तास गिझर म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. हे तीस युनिट त्यांच्या मीटरवरही चढत होते आणि आमच्याही. त्या घरात चोर कुणीच नव्हतं, एकाच गरम पाण्याचे पैसे दोन घरं भरत होती.

खरा धोका दुसराच होता. आम्ही मेन बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटायच्या. वर गिझरचं बटण चालू असेल तर त्याच्या करंटला परतायची वाट उरायची नाही. पाणी तापायचं नाही, आणि फेज गिझरच्या कॉइलमधून उतरून आमच्या सगळ्या न्यूट्रल वायरींत येऊन उभी राहायची. आईला शॉक लागला तो हाच. फेज गिझरमधून यायची, म्हणून टेस्टर कधी पेटायचा आणि कधी नाही. आरसीसीबी पडल्यावरही तसंच, जीव वाचवायला बसवलेला स्विच पडायचा आणि घर जिवंत राहायचं. मामा पेटीतला काळवंडलेला जोड दाखवत म्हणाले, "दादा, दिव्याच्या वायरीवर गिझर चालवलाय. हे लाकूड कधी पेटलं असतं कळलंबी नसतं."

लाकूड पेटणं म्हणजे काय हे कोल्हापूरला सांगावं लागत नाही. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आपण सगळ्यांनी बघितलीय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. प्राथमिक अंदाज म्हणून शॉर्टसर्किटचं नाव लगेच पुढं आलं. आमच्या धंद्यात हा शब्द आला की बातमी संपते. शॉर्टसर्किट कुठल्या वायरीत, ती कधीची, तिच्यावर लोड किती आणि शेवटची तपासणी कुणी केली, हे प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या अंकात येत नाहीत. दुकान, गोडाऊन, वाडा, सगळीकडं तोच एक शब्द.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, पुढची ग्राहकाची, हा नियम आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण शुक्रवार, मंगळवार, शिवाजी पेठेत एका वाड्यात कितीतरी मीटर आहेत. निम्मे मालक पुण्या-मुंबईला, निम्मे भाडेकरू जुन्या भाड्याचे. मालक म्हणतो खोली सोड मग वायरिंग करतो, भाडेकरू म्हणतो माझी भिंत आहे काय? नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वाटणी झाली, पोटभाडेकरू आला, गिझर-एसी आला, पूर येऊन गेला, तरी तो परत काढा असं सांगायला घरी कुणी येत नाही.

मला वाटतं महापालिकेनं पावसाळ्याआधीच्या तयारीत हे काम धरावं. नालेसफाई होते, बोटी तपासल्या जातात. सुतारवाडा, दुधाळी, जामदार क्लबचा परिसर, शुक्रवार पेठ हे दरवेळचे पूरभाग ठरलेले आहेत. आयटीआयची इलेक्ट्रिशियन ट्रेडची पोरं, सोबत एक परवानाधारक माणूस आणि एक टोंग टेस्टर. घरटी वीस मिनिटांत न्यूट्रलची सरमिसळ कळते. दुरुस्ती लगेच झाली नाही तरी बोर्डावर लाल खूण राहील, आणि पूर ओसरल्यावर गाळ काढणाऱ्या बाईला कळेल की इथं मेन बंद असला तरी हात लावायचा नाही.

आमच्याकडं वरच्या बोर्डापासून न्हाणीपर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची नवी जाड वायर ओढली, जिन्याचा दिवा पूर्ण वरच्या मीटरवर दिला. एक दिवस लागला. मीटरवरचा लाल दिवा आता पेटत नाही. भावाचा अर्ज अजून माझ्याकडं आहे.

तुमच्या घरात दोन मीटर असतील, भिंत किंवा जिना सामाईक असेल, तर एवढं करून घ्या. एका घराचा मेन बंद करून दुसऱ्या घरातला गिझर, पंप, इस्त्री एकेक करून चालू करायची आणि बंद घरातल्या प्लगमध्ये करंट येतो का ते वायरमनकडून बघून घ्यायचं. टेस्टर घेऊन स्वतः करू नका. आणि मजुरी दोन्ही घरांनी निम्मी-निम्मी द्या, त्यावरून परत भांडू नका.