रद्द झालेली विमानं, राहिलेली बातमी

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हा मथळा एकच होता: कर्मचाऱ्यांची सामूहिक आजारपणाची रजा. सोबत विमानतळावर ताटकळलेल्या प्रवाशांचे फोटो. आखातात नोकरी करणाऱ्याचा एक दिवस चुकला की काय होतं, हे कोकणातल्या मोहल्ल्यांना सांगायला नको. तो संताप खराच होता.

पण दोनशेच्या वर माणसं एकदम आजारी पडतात कशी? टाटांकडे आल्यापासून या स्वस्त कंपनीत एअरएशिया इंडियाचं विलीनीकरण चाललं होतं. (उर्दूत त्याला इन्जिमाम म्हणतात. शब्द गोड आहे, पगाराची पावती बघेपर्यंत.) भत्ते घटले, वागणूक समान नाही, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. माझ्या पेपरात त्यांना शेवटच्या दोन ओळी मिळाल्या, त्याही कंपनीच्या निवेदनाखाली.

कंपनीने सुमारे २५ जणांना काढलं. ९ मेला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे समझोता झाला, ते परत कामावर आले. १ ऑक्टोबरला विलीनीकरण पूर्ण झाल्याची बातमीही आली. भत्त्यांचं काय ठरलं, हे मात्र त्या पेपरात आजवर आलेलं नाही.