लबाडाचें बाळपण

तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचा ढीग टेबलावर तसाच ठेवून परवां मी रात्रीं दोन वाजेपर्यंत एक कादंबरी वाचीत बसलों होतों. हें कबूल करतांना पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकास थोडा संकोच वाटावयाचाच. कादंबरी कांहीं शेक्सपिअरच्या कुळांतली नव्हे. ॲन क्रिस्पिन या अमेरिकन लेखिकेची ती १९९७ सालची ‘द पॅरडाइज स्नेअर’. ताऱ्याताऱ्यांतून जहाज हांकणाऱ्या हान सोलो नांवाच्या चोरट्या व्यापाऱ्याच्या उमेदवारीच्या काळाची हकीकत.

हा सोलो मला कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत तो प्रथम भेटतो तो एका गुत्त्यांत, डोक्यावर कर्ज घेऊन. पैशाखेरीज कशाचीच पर्वा नसल्याचा आव आणतो, इनाम पदरांत पडतांच ऐन लढाईच्या तोंडावर चालता होतो, आणि अखेरच्या क्षणीं परत येऊन मित्राचा जीव वांचवितो. सद्‌गुणी नायकापेक्षां हा लबाडच आम्हां पोरांना जवळचा वाटे. (माखनचोरावर पोसलेल्या मुलुखांत याचें नवल तें काय!)

म्हणूनच पुस्तक उघडतांना मनांत धास्ती होती. आमचे एक लांबचे काका असेच होते. उसने पैसे कधीं परत न करणारे, भरमसाट थापा मारणारे, आणि घरांत पाऊल टाकतांच आम्हां मुलांना दिवाळी वाटावी असे. मोठेपणीं कोणीसें मला त्यांच्या लहानपणच्या हालअपेष्टा सांगितल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या थापांना पूर्वीसारखें हंसतां येईना. सोलोचेंही तेंच झालें तर?

क्रिस्पिनबाईंनीं हालअपेष्टा सांगितल्या आहेतच. ‘ट्रेडर्स लक’ नांवाच्या जुनाट जहाजावर गॅरिस श्राइक नांवाचा नराधम पोरक्या मुलांना भीक मागावयास आणि चोऱ्या करावयास लावतो. सोलो त्यांतलाच एक. पण त्याच जहाजाच्या मुदपाकखान्यांत ड्यूलाना आहे. वूकी जातीची, अंगभर केंस असलेली ही धिप्पाड स्वैंपाकीण या पोराला खाऊं घालते, माया लावते, आणि एकोणिसाव्या वर्षीं तो पळून जाऊं लागतो तेव्हां त्याच्यापायीं श्राइकच्या हातून मरते. येथें पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसताच बसलों. चित्रपटांतला सोलोचा सोबती च्यूबाका याच जातीचा. तो गुरगुरतो, सोलो त्याला आपल्या भाषेंत उत्तर देतो. आणि ही गुरगुर त्याला कळते तरी कशी, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदांही पडला नव्हता. ती त्याची मायबोली होती! चुलीपाशीं, भाजत्या पावाच्या वासाबरोबर कानांवर पडलेली.

पुढचा यलीशिया ग्रहावरचा भाग झकास साधला आहे. मुक्तीच्या आशेनें येणाऱ्या यात्रेकरूंना तेथें पुरोहितांकडून परमानंदाची झिंग मिळते, आणि तिच्या बदल्यांत ते मादक द्रव्याच्या कारखान्यांत राबतात. तो परमानंद म्हणजे त्या पुरोहितांच्या जातीची निव्वळ शारीरिक करामत असते! या यात्रेकरूंतली ब्रिया थॅरेन हिला सोलो सोडवितो, तिच्यावर जीव जडवितो, आणि झिंगेची ओढ आपली आपणच मोडली पाहिजे म्हणून ती त्याला टाकून जाते. प्रेमभंगानें माणूस कडवट झाला, ही उपपत्ति मला फार सोपी वाटली. आमच्याकडील कादंबऱ्यांनींही ती पार झिजवून टाकली आहे.

पुढें २०१४ सालीं या मालिकेच्या मालकांनीं असलीं सारीं जुनीं पुस्तकें अधिकृत कथेबाहेर काढलीं, आणि २०१८ च्या चित्रपटानें सोलोला निराळेंच पूर्वायुष्य दिलें. देवोत बापडे! माझ्या सोलोला ड्यूलानानेंच वाढविलें. तो लढाईंत परत येतो तें दृश्य मीं काल मुद्दाम पुन्हां पाहिलें, आणि त्याच्या लबाडीला पूर्वीइतकाच मोकळेपणानें हंसलों.

काकांना जाऊन बरींच वर्षें झालीं. त्यांच्या हालअपेष्टा मला सांगणाऱ्यानें, त्या दिवसांत त्यांना जेवूं कोण घालीत असे, तें मात्र सांगितलें नव्हतें. आणि मींही विचारलें नाहीं.