जमिनीखालची शिल्लक

अकलूज, फाल्गुन शुद्ध पंचमी



यंदा ओहायोतील हिवाळा सौम्य गेल्यामुळे, आपल्या शेजाऱ्याने हरणांच्या चाऱ्याकरिता पेरलेले जे सलगम आणि मुळे एरवी गोठून कुजले असते ते जमिनीत तगून राहिले व त्यांना नवी पालवी फुटली; तेव्हा हरणांना दुसरे पीक आपसूक मिळेल काय, अशी पृच्छा आपण केली आहे. माझ्या मते पाला मिळेल, मूळ मिळणार नाही.

सलगम पहिल्या हंगामात मुळात अन्नाचा खजिना भरते आणि काही आठवड्यांची थंडी सोसल्यावर, दिवस मोठे होऊ लागताच, तोच खजिना दांडा, फुले व बी यांवर खर्ची घालते. त्यामुळे वर हिरवाई माजते तसतसे खालचे मूळ जून, रेषाळ आणि पोकळ होत जाते. आमचा देशी मुळा तर थंडीची मुदतही पाहत नाही. काढणी लांबली की दांडा टाकतो, आणि मग डिंगऱ्यांची, म्हणजे त्याच्या शेंगांची, भाजी करावी लागते, जी मला मुळ्याच्या भाजीहून सरस वाटते. बी धरणारेही हाच गुण वापरतात: निवडक मुळा उपटून, खालचा भाग छाटून, थोडा पाला राखून तो पुन्हा लावतात. विलायती वाणांना मात्र थंडीवाचून फूल येत नाही, सबब त्यांचे बी कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार करावे लागते.

श्वापदांसाठी मुद्दाम पेरण्याची चाल आमच्या माळशिरस तालुक्यात नाही. येथे ती आपली वसुली स्वतःच करतात. तुकोबांची पालखी अकलूजला येते त्या सुमारास उपवासाच्या रताळ्यांना मागणी असते, आणि नेमकी तेव्हाच उसाच्या फडात दडलेली रानडुकरे रात्री येऊन वरंबे उकरतात. त्यांच्या तोंडातून सुटलेले तुकडे पावसात फुटून पुन्हा वेल धरतात. आमच्याच जिल्ह्यात नान्नजला, १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात, काळविटे गवताळ माळावर चरतात, तेथे कोणी मुळे पेरू नयेत, माळ राखावा.

शेजाऱ्यांस माझा निरोप सांगावा: सलगमाची पिवळी फुले मधमाश्यांकरिता खुशाल राहू द्यावीत, परंतु शेंगा पिकण्यापूर्वी नांगर घालावा, अन्यथा तेच पीक पुढे तण होईल, आणि त्या जागी लागोपाठ मोहरीच्या कुळातले पीक घेऊ नये, कारण मुळांना गाठी आणणारा रोग जमिनीत वर्षानुवर्षे मुरून राहतो.