आवराआवर

तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे, आणि हा मजकूर वर सरकवणारं तुमचं बोट ओळखायचं काम त्यातला एक ड्रायव्हर करतोय. तशाच एका टचस्क्रीन ड्रायव्हरची दुरुस्ती मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आली. एका ओळीची. ड्रायव्हर काढताना रांगेत उरलेलं काम रद्द करा, एवढंच. बोर्डावर चालवून पाहिलेली, खाली एकाने 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नावही दिलेलं.

ड्रायव्हरचा सुरुवातीचा भाग सगळेच नीट लिहितात, कारण तो चुकला तर स्क्रीन चालतच नाही. खरी गंमत आवराआवरीत असते. सुरू होताना आधी मेमरी घेतली, मग काम मांडलं, शेवटी इंटरप्ट मागितला (इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक). काढताना बरोबर उलटं. मांडव उतरवतानाही आधी वीज तोडतात, मग माळा, मग बांबू. 2007 पासून कर्नलमध्ये यासाठी 'डेव्हरेस' नावाची सोय आहे: 'डेव्हएम'वाल्या फंक्शनांनी घेतलेलं सगळं कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने परत करतो. पण ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर!

इथेच मेख होती. नवी ओळ रिमूव्हमध्ये, इंटरप्ट मात्र डेव्हएमच्या हवाली. म्हणजे काम रद्द झालं तरी इंटरप्ट जिवंतच. नेमकं तेव्हा कुणी स्क्रीनला बोट लावलं तर नवं काम रांगेत लागणार, आणि ते चालेपर्यंत मेमरी परत गेलेली असू शकते. फट इतकी बारीक, की बोर्डावर सहज दिसायची नाही.

पाठवणाऱ्याचा प्रश्न रास्त होता: फोनचा टचस्क्रीन काढतो कोण? जवळजवळ कुणीच नाही. पण बरेच नवे ड्रायव्हर जुन्याची नक्कल करून जन्माला येतात. उद्या हीच ओळ यूएसबीवरून कधीही उपटता येणाऱ्या एखाद्या उपकरणात जाऊन बसली तर? आणि 'बरोबर दिसतंय' एवढ्यावर नाव द्यायला मला आवडत नाही. ते नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं.

मी लिहिलं: काम रद्द करायची क्रियाही डेव्हएमकडेच नोंदवा, इंटरप्ट मागण्याआधी. मग काढताना आधी इंटरप्ट सुटेल, मग काम रद्द होईल, मेमरी शेवटी.

चार दिवसांनी दुसरी आवृत्ती आली. क्रम बरोबर, 'फिक्सेस'च्या ओळीत मूळ बदलाचा 12 अक्षरांचा हॅशही. मी नाव दिलं. पहिल्या तपासणाऱ्याचं नाव त्याने न सांगता काढलं होतं. कोड एवढा बदलला की जुनी सही चालत नाही.